शंभर टक्के

"एकोणतीस."

"हजर, सर."

"तीस."

"हजर, सर."

"बत्तीस."

माझा नंबर एकतीस होता. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. पुढे बसलेल्या दोघीतिघी वळून माझ्याकडे बघू लागल्या. मी उभी राहिले.

"सर, एकतीस राहिला."

आवटी सरांनी हजेरीपुस्तकावरची मान वर केली. ते रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"राहिला नाही," ते म्हणाले. "लक्षात आहे. बस."

मी बसले. पुढे एक्केचाळीसनंतर त्यांनी एकदम त्रेचाळीस घेतला. बेचाळीस नंबर रजनी हावळचा होता आणि रजनी माझ्याच बाकावर, माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिने माझ्या मांडीला कोपर मारलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ही सत्त्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून चारच दिवस झाले होते. आम्ही दहावीत होतो. त्या वर्षी हजेरीत नऊ आणि सव्वीस हे नंबर आधीपासूनच गाळले जात होते, पण ती दोन मुलं दाखला घेऊन गेलेली होती. वर्गात बसलेल्याचा नंबर गाळला गेला तो आमचाच पहिल्यांदा.

आवटी सर गणित शिकवायचे. छडीला त्यांनी कधी हात लावला नाही की आवाजही कधी चढवला नाही. बाकाबाकांमधून फिरत यायचे, वहीवर वाकायचे आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोलायचे. मला म्हणायचे, "म्हेत्रे, तुझ्या डोक्यात कापूस आहे. आपल्या गावात कापसाला काही तोटा नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नको." रजनीला म्हणायचे, "हावळ, कांडी भरायला एक्स-वाय लागत नाही. कशाला जीव दमवतेस?"

आमचं गाव यंत्रमागांचं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. त्या कांड्या मशीनवर भरायचं काम गावातल्या निम्म्या बायका करायच्या. माझी आईही करायची. दहावी हुकली की मुलीने आईशेजारच्या मशीनवर जाऊन बसायचं, हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला सांगायचीही गरज नव्हती. मला त्या मशीनवर बसायचं नव्हतं. मला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला दहावी पास लागायची. माझं सगळं घोडं तिथं अडलं होतं.

सरांचं भाकीत चुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती. जून महिन्यातच ते बोट दाखवून सांगायचे, हा राहणार, ही राहणार. वरच्या वर्गातल्या मुली सांगायच्या, सर ज्यांना राहणार म्हणाले त्यांतला एकही आजवर पास झालेला नाही. यंदा त्यांनी चौघांना सांगितलं होतं. नऊ, सव्वीस, एकतीस आणि बेचाळीस.

शाळेच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताच्या भिंतीवर निळ्या रंगात चार ओळी होत्या. चार वर्षं आणि प्रत्येकापुढे शालान्त निकाल शंभर टक्के. दिवाळीच्या सुट्टीत पेंटर येऊन पाचवी ओळही लिहून गेला होता. १९८८. त्याच्यापुढे पांढरी जागा सोडली होती. परीक्षेला चार महिने होते आणि जागा तयार होती. येताजाता मी तिच्याकडे बघायचं टाळायची.

रजनीने सरांच्या बोलण्यावर स्वतःचं औषध काढलं होतं. मधल्या सुट्टीत नळापाशी ती खडू बोटांत धरायची, त्यावर हलकी फुंकर मारायची, अगदी सरांसारखी, आणि मान तिरकी करून म्हणायची, "मुली, तुझं काही खरं नाही."

"आणि तुमचं, सर?" मी विचारायची.

"आमचं शंभर टक्के."

आम्ही पोट धरून हसायचो. मी तशी तोंडाची फटकळ, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण घरी गणिताची वही उघडली की पहिल्याच ओळीला वाटायचं, कशाला जीव दमवतेस. मग मी वही मिटायची. रजनी मात्र मिटायची नाही. ती हसून मोकळी व्हायची आणि गणितं सोडवत बसायची. तरीही सहामाहीला तिला शंभरात चौतीस आणि मला तेहतीस पडले. पास व्हायला पस्तीस लागायचे.

"एका मार्कानं गं," रजनी म्हणाली होती. "एवढी सोडवली मी, आणि एका मार्कानं."

नंबर गाळला त्या दिवशी घरी जाताना ती म्हणाली, "घाबरू नगंस. माझा चुलता दुसऱ्या शाळेत शिपाई हाय. तो सांगतोय, आईबापाची सही असल्याबिगर शाळेला दाखला देता येत न्हाई. आपण सही होऊ द्यायची न्हाई. काय करतील?"

"काय करतील?" मीही म्हणाले.

त्यांनी काहीच केलं नाही. सराव पेपर वाटले तेव्हा आमच्या बाकाला वळसा पडला. वह्या तपासायला गोळा केल्या, आमच्या दोन बाकावर तशाच राहिल्या. मी हात वर केला तर सरांची नजर माझ्यावरून सरकून मागच्या बाकावर गेली. टोमणेही बंद झाले. गंमत अशी की त्या टोमण्यांची मी वाट बघायला लागले. कापूस म्हणा, काहीही म्हणा, पण म्हेत्रे म्हणा. आठ दिवस असे गेले. पोरीसुद्धा आमच्याशी जपून बोलू लागल्या, आमचं काही त्यांना लागेल अशा.

आठव्या दिवशी नळापाशी मी खडू रजनीच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि नुसती बघत राहिली.

"सुमन," ती म्हणाली, "मी हाय न्हवं गं हितं?"

"हायस की. चिमटा काढू?"

"काढ."

मी चांगला जोरात काढला. ती हसली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

सोमवारी ती शाळेत आली ती डोळे सुजवूनच. "बाबांनी सही केली," म्हणाली. "काल सर घरी आले होते."

"घरी?"

"चहा प्याले. बाबांना म्हणाले, पोरगी नापास झाली की गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. यंदा दाखला घ्या, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शाळेचं नाव नाही, कुणाला कळायचं नाही. बाबा म्हणाले, एवढा मोठा माणूस घरी आला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी चहा केला," रजनी म्हणाली.

दाखला शनिवारी मिळणार होता. तोवर तिने वर्गात यायला हरकत नव्हती. ती येत राहिली.

मंगळवारी शिपायाने माझ्या हातात चिठ्ठी दिली. 'पालकांनी उद्या दुपारी भेटावे.' बाबा रात्रपाळीला मागावर असायचे आणि दिवसा झोपायचे, त्यामुळे शाळेचं सगळं आईकडे. मी तशीच कारखान्यात गेले. मागांच्या खटखटीत तिथं ओरडून काही उपयोग नसतो. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, आवाज न काढता. आईची त्यात अठरा वर्षं गेलेली. चार मागांपलीकडच्या बाईची सासूबद्दलची सगळी गाऱ्हाणी तिला जागेवरून कळायची. मी दारातूनच नुसते ओठ हलवून तिला सांगितलं, सरांनी बोलावलंय, पण कशावरही सही करायची नाही.

आईने मशीन थांबवलं आणि बाहेर आली. "सर काय शत्रू हायत व्हय? शिकलेलं माणूस. बोलावलंय तर चांगलंच सांगतील की."

"आई, दाखल्याच्या अर्जावर सही मागतील. शाळेतून काढतील मला."

"काढाय तू काय चोरी केलीस? मी इचारते की त्यास्नी."

मी हबकले. कारण आईला सही यायला लागून सहाच महिने झाले होते आणि ती मीच शिकवली होती. मे महिन्यात पाटीवर गिरवून घेतली. हौसाबाई म्हेत्रे. तेव्हापासून सही करायला मिळाली की तिला कोण आनंद. रेशनच्या दुकानात शाईचा डबा पुढे केला तर दुकानदाराला म्हणायची, "डबा ठेवा तिकडं, पेन द्या." मला या सहीचा फार अभिमान होता. आता तीच माझ्या मुळावर येणार होती.

बुधवारी आई धुतलेलं लुगडं नेसून आली, केसांत अडकलेले सुताचे तंतू वेचून टाकून. ऑफिसात आवटी सर उभे राहिले. स्वतः खुर्ची पुढे ओढली.

"बसा, म्हेत्रेबाई. पाणी घेणार?"

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. शाळेत याआधी कुणी तिला बसा म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तिच्या मागे उभी राहिले.

"मुलगी चांगली आहे," सर म्हणाले. माझ्याबद्दल त्यांनी काढलेलं हे पहिलं बरं वाक्य. "वळण चांगलं आहे. पण गणित तिच्या आवाक्यात नाही. आपणच पोरीला पाण्यात ढकलायचं आणि मग बुडाली म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे?"

"न्हाई, ते बी खरंच," आई म्हणाली.

"यंदा विश्रांती द्या. तुम्हालाही हाताखाली मदत होईल. पुढच्या वर्षी बाहेरून बसेल."

"म्हंजे परीक्षा हाय न्हवं तिला?"

"आहेच की. कोण नाही म्हणतंय?"

मी म्हणाले, "आई, पुढच्या वर्षी कोण बसवतंय? नऊ नंबरचा सुताला खळ लावायला सायझिंगला लागला, परत कुणी..."

"सुमन," आई म्हणाली, "मोठी माणसं बोलत्यात."

सरांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला, पेन दिलं, फुली दाखवली. "इथे सही करा. तोवर मी आत हेडसरांना सांगून येतो."

हेडसरांची खोली तिथंच होती. मध्ये लाकडी पार्टिशन, वरची अर्धी बाजू काचेची. सर आत गेले आणि दार ओढून घेतलं. काचेतून दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

आईने पेन धरलं. जीभ ओठांत धरून 'हौ' काढला. चांगला वळणदार आला. मग ती थांबली. पुढचं अक्षर आठवायला ती नेहमी मान वर करून बघायची, तशी बघू लागली. पुढे 'सा' होता. मी सांगितलं नाही. ती विसरू दे, जन्मभर विसरू दे, असं मी मनात म्हणत होते.

आईची मान खाली आलीच नाही. ती समोर बघत होती. मिनिटभर तरी बघत असेल. तिच्या चेहऱ्यावरचं ते लाजरं हसू कधी गेलं मला कळलं नाही. तिने पेनाला टोपण लावलं, अर्ज उचलला, उठली आणि न विचारता हेडसरांचं दार ढकलून आत गेली. मी तिच्या मागोमाग.

"झाली सही?" सरांनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "सर, काठावरची म्हंजे काय वं?"

"काय?"

"आता म्हणालासा न्हवं. म्हेत्र्याची काठावरची हाय, पास बी होईल, पण आपल्याला जोखीम कशाला."

सरांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी प्रथमच काहीतरी बघितलं. त्यांनी दाराकडे बघितलं, मग काचेकडे.

"तुम्ही दाराशी उभ्या होता?"

"खुर्चीवरच हुतो. तुमी दिलेल्या. आमी मागावरची माणसं, आमाला ऐकाय लागत न्हाई." आईने अर्ज टेबलावर ठेवला. "असंबी म्हणालासा की, सहामाहीला हात आखडून मार्क दिल्यात. हावळाची तर हिच्याहून बरी, बोर्डाला पन्नाशी गाठली असती. पण बापानं सही केली, बरं झालं. म्हणालासा का न्हाई?"

हेडसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवटी सर नाही म्हणाले नाहीत, हे मला आजही आठवतं. सरांचं भाकीत का चुकत नाही ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. ज्यांना ते राहणार म्हणायचे त्यांना ते परीक्षेला बसूच द्यायचे नाहीत. माझ्या डोक्यात कापूस आहे की नाही, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मला इतकी चीड आली की डोळ्यांतून पाणी आलं.

"म्हेत्रेबाई," हेडसर सावकाश म्हणाले, "तुमच्या मुलीचा बोर्डाचा फॉर्म आम्ही भरू. आजच भरू. पण ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. गेली, तर मग मी काही करू शकणार नाही. वर्षाच्या मध्यात मुलीचं नुकसान व्हायला नको."

"भरताय न्हवं फॉर्म?"

"भरतो म्हटलं ना."

"मग मी कुटं बोलत न्हाई."

"आणि रजनी?" मी विचारलं.

"तिच्या वडिलांनी राजीखुशीने सही केली आहे," हेडसर म्हणाले. "शनिवारी दाखला जाईल."

मी पुढे बोलणार होते. आईने माझं मनगट धरलं आणि दाबलं. तिच्या बोटांना कांड्या भरून भरून घट्टे पडलेले होते, ते रुतले.

बाहेर फाटकाशी आल्यावर मी म्हणाले, "आई, अजून तीन दिवस हायत. रजनीच्या बाबांनी जाऊन अर्ज मागं घेतला तर—"

"मी शब्द दिलाय."

"पण ती माझ्याहून बरी हाय! तूच बघितलंस."

"बघितलं." आई चालत राहिली. "दोघींचं बोलाय गेलीस तर दोघी जाशीला. मला एकच पोरगी हाय."

तिला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. तिने तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. माझं तोंड माझं होतं.

गुरुवारी हजेरी झाली. "तीस." "एकतीस." मी हजर म्हणाले. रजनीने माझा हात धरून हलवला. "घेतला की गं तुझा नंबर!" ती कुजबुजली. तिला खरंच आनंद झाला होता. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस आला. तासाला सर आमच्या बाकापाशी थांबले, माझी वही घेतली, एक चूक दुरुस्त केली. रजनीची वही शेजारी उघडी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी खाली मान घातली. त्यांना काय विचारायचं होतं आणि मी काय उत्तर दिलं, ते आम्हा दोघांना कळलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी दोनदा रजनीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दोनदा परत आले. दुसऱ्या वेळी तिचे बाबा ओट्यावर बसलेले दिसले. वीस पावलं असतील. मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मग मला कारखान्यातली आईच्या शेजारचं मशीन दिसलं, ते त्या महिन्यात रिकामंच होतं.

संध्याकाळी रजनीच आमच्याकडे आली. आई आत भाकरी थापत होती. तिने आतून बघितलं आणि थापायचा आवाज थांबला.

"खरं सांग," रजनी म्हणाली. "तुझ्या आईला काय म्हणाले सर? तुझं कसं काय झालं?"

मी तिच्याकडे बघितलं. सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं.

"काय न्हाई गं," मी म्हणाले. "आईने हातापाया पडून विनवलं. म्हणून."

रजनीने मान हलवली. "माझ्या बाबांनी विनवलं असतं तरी काय उपयोग? तुला थोडंफार येतं, ते सरांनी ओळखलंच असणार. माझंच डोकं कमी. उगंच एवढे दिवस सरांना नावं ठेवली." मग तिने पदराखाली धरावं तसं ओढणीखाली धरलेलं काहीतरी काढलं. अपेक्षित प्रश्नांचा संच होता, गणिताचा, कडा दुमडलेल्या. "हे तू घे. मला आता काय करायचंय?"

मी तो घेतला. आत भाकरी थापायचा आवाज परत सुरू झाला.

पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म रजनीच्या घरी आला नाही. तो आणायला कुणीतरी जायला लागतं. त्या जूनमध्ये भिंतीवर १९८८च्या पुढे शंभर टक्के लिहिलं गेलं, मी पास झाले, नर्सिंगला गेले, सदतीस वर्षं झाली. रजनी अजून लोकांना सांगते, आम्ही दोघी ढ होतो, पण सुमन जिद्दीची. मी तिला थांबवलेलं नाही.

मार्चमध्ये गणिताच्या पेपरात तिच्या संचातली दोन गणितं जशीच्या तशी आली होती. दोन्हींच्या शेजारी तिने पेन्सिलीने उत्तरं सोडवून ठेवलेली होती. दोन्ही बरोबर होती.